खुर्च्या दिल्यात, आता पानाही द्या
व्हीलचेअर बाळगणाऱ्या सर्व संस्थांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
ज्यांच्या इमारतीत व्हीलचेअर आहेत अशा रुग्णालयांचे, वृद्धाश्रमांचे, वसतिगृहांचे, शाळांचे आणि स्थानकांचे प्रमुख व व्यवस्थापक

स.न.वि.वि.

आपल्या दाराशी, जिन्याखाली किंवा लिफ्टच्या शेजारी घडी घालून ठेवलेल्या व्हीलचेअर असतील. त्यांतली कुठलीही एक उघडा, दोन्ही ब्रेक लावा आणि मागच्या मुठी धरून ढकलून बघा. चाके जागच्या जागी राहून टायर नुसते फरशीवर घासले, तर ब्रेक लागतो आहे. चाके फिरली, तर लागत नाही. मग त्या खुर्चीतून कुणी पलंगावर सरकायला जाईल तेव्हा खुर्ची मागे पळेल आणि माणूस दोन्हींच्या मधे जमिनीवर पडेल.

अशा खुर्चीवर ‘ब्रेक खराब’ अशी चिठ्ठी लागते आणि ती कोपऱ्यात जाते. ब्रेक बहुतेक वेळा धडधाकट असतो. हवा कमी असते टायरमध्ये. या खुर्च्यांचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा लोखंडाचा एक तुकडा. टायर मऊ पडला की दाबायला काही उरतच नाही. दोन मिनिटांच्या हवेअभावी अख्खी खुर्ची बाद होते, आणि पुढच्या वर्षी नव्या खुर्च्यांची मागणी जाते.

आम्ही व्हीलचेअर वापरणारे आणि त्या दुरुस्त करणारे लोक आहोत. नव्या खुर्च्या मागायला हे पत्र लिहिलेले नाही. आहेत त्या चालत्या ठेवायला चार गोष्टी लागतात: नाव घेऊन नेमलेला एक माणूस, आठवड्यातून खुर्चीमागे त्याची दहा मिनिटे, अवजारांची एक पेटी आणि प्रत्येक खुर्चीला बांधलेले एक कार्ड. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हाताने चालवायच्या व्हीलचेअर पुरवण्याबाबत मार्गदर्शिका काढली. तिच्यात या सेवेचे आठ टप्पे सांगितले आहेत आणि आठवा टप्पा देखभाल, दुरुस्ती आणि पाठपुरावा हा आहे. बहुतेक ठिकाणी खुर्ची हातात पडली, फोटो निघाला की काम संपते. त्या आठव्या टप्प्यात नेमके काय करायचे, ते खाली लिहितो. हे पत्र वाचून झाल्यावर ज्याच्या हातात पाना असेल त्याच्याकडे द्यावे, अशी विनंती आहे.

सुरुवात हवेपासून. टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेले असते. साध्या करड्या, जाड टायरवर बहुधा ५० ते ७५ पीएसआयच्या दरम्यानचा आकडा दिसतो. अरुंद, एक इंची टायर १०० पीएसआयच्या वरही मागतात. काही ठिकाणी हाच आकडा बारमध्ये असतो, आणि १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. अंदाज न करता तो आकडा वाचावा आणि गेज लावून भरावे. दोन्ही चाकांत सारखी हवा हवी. एकात कमी असेल तर खुर्ची त्या बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याचा एक खांदा दिवसभर जास्त राबतो. गेज हाताशी नसेल तर अंगठ्याने जोर लावून दाबावे. टायर ५ मिमीपेक्षा जास्त दबला तर हवा कमी आहे. ट्यूब चांगली असली तरी रबरातून हवा हळूहळू निघतच राहते, म्हणून ही तपासणी दर आठवड्याला करायची. गाड्यांच्या मोठ्या कंप्रेसरवर या खुर्च्या नेऊ नयेत. ट्यूब एवढीशी असते, दोन सेकंदांत हवा मर्यादेपलीकडे जाते आणि ट्यूब फाटते. पायाचा किंवा हाताचा पंप बरा.

हवा पूर्ण भरल्यावरच ब्रेक बघायचा. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. मऊ टायरवर ब्रेक पुढे सरकवून घट्ट केला, की हवा भरल्यावर तो इतका आवळतो की दांडा ओढता ओढत नाही. ज्याच्या बोटांत जोर कमी आहे तो मग ब्रेक लावणेच सोडून देतो. ब्रेकची पकड फ्रेमच्या नळीवर एक-दोन बोल्टने बसवलेली असते. ते अर्धा-पाऊण फेरा सैल करायचे, पकड सरकवायची आणि परत कसायचे. ब्रेक लावल्यावर त्याचा तुकडा टायरमध्ये साधारण ३ ते ५ मिमी रुतला पाहिजे आणि सोडल्यावर टायरपासून पुरता सुटला पाहिजे. एक बाजू झाली की दुसरी. दोन्हींची पकड सारखी आली, की सुरुवातीला सांगितलेली ढकलायची चाचणी पुन्हा. ब्रेकच्या तुकड्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर तेवढेच बदलता येते.

टायर बदलताना एक चूक हमखास होते. ‘२४ इंची टायर’ एवढेच सांगून आणला की तो बसेलच असे नाही. व्हीलचेअरच्या २४ इंची रिमचे माप ५४० असते, आणि लहान सायकलींच्या २४ इंची रिमचे बहुतेक वेळा ५०७. इंच तोच, टायर वेगळा. टायरवर ३७-५४० किंवा २५-५४० असा जोडआकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही मिमीमध्ये. तो लिहून घेऊनच टायर मागवावा. बसवताना ट्यूबमध्ये तिचा आकार येईल इतकीच थोडी हवा भरून घ्यावी, म्हणजे ती पिळवटत नाही. टायर चढवायला स्क्रूड्रायव्हर घालू नये, नव्या ट्यूबला तिथल्या तिथे भोक पडते. प्लास्टिकचे लिव्हर वापरावेत, आणि शेवटचा भाग शक्यतो अंगठ्यांनीच ढकलावा. अर्धी हवा भरून चाक फिरवून बघावे. टायरच्या कडेशी एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती बुडालेली किंवा फुगलेली दिसली तर ट्यूब टायरखाली चिमटलेली असू शकते. हवा सोडून तेवढा भाग पुन्हा बसवायचा. सारखे पंक्चर होत असेल आणि भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडे सापडत असेल, तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकची टोके टोचत आहेत. कितीही ठिगळे लावली तरी ते थांबणार नाही, पट्टी बदला.

जिथे हवा भरायला माणूसच मिळत नाही तिथे भरीव टायर घ्यावेत, असे आम्हीही सांगतो. पंक्चरची कटकट जाते. पण ते जड असतात आणि खडबडीत रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या पाठीला पोचवतात. थोड्या वेळासाठी वापरायच्या, फरशीवरच फिरणाऱ्या खुर्च्यांना ते ठीक आहेत. जो दिवसभर बसतो त्याच्यासाठी हवेचेच टायर असू द्या.

आता पुढची छोटी चाके. खुर्ची जड चालते, एका बाजूला जाते, वळताना अडते, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच असते. पुढचे चाक आणि त्याला धरणारा काटा यांच्या मधल्या फटीत बघा. तिथे केस दिसतील. झाडून जमिनीवर राहिलेले केस, शिवणाचे दोरे, पट्टीच्या बँडेजचे धागे, फडक्याच्या चिंध्या हे सगळे चाकाबरोबर फिरत ॲक्सलभोवती गुंडाळत जाते आणि धुळीत मळून त्याचा कडक काळा वळा होतो. तो आधी चाकाला घासतो, मग बेअरिंगच्या झाकणाखाली शिरतो आणि आतले ग्रीस शोषून घेतो. खुर्ची आडवी करून, चिमट्याने आणि टोकदार कात्रीने बाहेरून निघेल तेवढा काढता येतो. पण दर तीन महिन्यांनी चाक खोलून साफ करणेच खरे. दोन्ही बाजूंचे बोल्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण चाकाच्या दोन्ही अंगांना बारीक वॉशर किंवा नळीचे तुकडे असतात आणि ते उलटसुलट झाले की चाक काट्याला घासायला लागते. चाक हातात आले की बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. गुळगुळीत फिरले तर पुसून परत बसवा. खरखर लागली, छर्रे अडखळत असल्यासारखे वाटले, तर ते बेअरिंग बदलायचे.

बेअरिंगच्या झाकणावर क्रमांक कोरलेला असतो. पुष्कळ खुर्च्यांच्या पुढच्या चाकांत ६०८ क्रमांकाचे असते: आतून ८ मिमी, बाहेरून २२ आणि रुंदी ७. स्केटच्या चाकांतही हेच असते, त्यामुळे ते मिळायला अवघड नाही. नवे बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यावा. त्याच मापाचा सॉकेट किंवा जाड वॉशर ठेवून हलकेच ठोकावे. आतल्या कड्यावर ठोकले की तो मार छर्ऱ्यांवर जातो आणि नवे कोरे बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरते. दोन बेअरिंगच्या मधे एक छोटी नळी असते, ती हरवू देऊ नका. ती नसेल तर बोल्ट कसला की दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे ओढली जाऊन जाम होतात. मग कुणीतरी बोल्टच सैल ठेवतो आणि चाक डगडगते.

पुढच्या चाकाचा काटा ज्या उभ्या दांड्यावर फिरतो त्याचे बेअरिंग वेगळे. वर एक टोपी असते, ती उचकटली की आत नट दिसतो. त्याची चाचणी अशी. खुर्ची मागे, मुठींवर टेकवा. पुढचे चाक हाताने वर न्या आणि सोडून द्या. ते खाली यावे, तळाच्या थोडे पलीकडे जावे आणि थांबावे. वाटेतच अडकले तर नट जास्त कसलेला आहे किंवा आत घाण आहे. झोपाळ्यासारखे मागेपुढे झुलत राहिले तर नट सैल आहे. सैल नटामुळे जरा वेग आला की पुढची चाके थरथरतात. उतारावर ही थरथर वाढली की चाक आडवे होते, खुर्ची जागीच रुतते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. दोन्ही चाकांचे नट एकसारखे हवेत. नट पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सोडून बघायचे. एवढ्यात जमते.

मागच्या चाकांच्या बाबतीत मुख्य गोष्ट ॲक्सलची. झटपट निघणारे चाक असेल तर मधली कळ दाबून ते महिन्यातून एकदा बाहेर काढा, दांडा कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्या टोकाचे छोटे गोळे कळ सोडल्यावर पूर्ण बाहेर येतात का बघा आणि तेलाचे एक बोट फिरवून परत घाला. मग कळ न दाबता चाक बाहेर ओढून बघा. हे प्रत्येक वेळी करायचे, अगदी प्रत्येक वेळी. गोळे अर्धवट अडकलेले असले तरी चाक बसल्यासारखे दिसते आणि पहिल्या वळणावर निघून येते. चाक बसलेले असताना आडवे हलवून बघा. डगत असेल तर ॲक्सलचा नट किंवा बेअरिंग, दोघांपैकी एक गेले आहे. स्पोक दोन-दोन करून बोटांनी दाबावेत. एखादा बाकीच्यांपेक्षा ढिला लागला तर सायकल दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही चांगल्या कारागिराकडून चाक सरळ करून घ्यावे. त्याला हे काम येते. तुटलेला एक स्पोक तसाच ठेवला की शेजारचे दोन तुटतात. चाक फिरवायला हात ज्या गोल कडीवर पडतो तिच्यावरून उघड्या हाताने नाही, सुती फडक्याने एक फेरी मारा. धागा अडकला तिथे ओरखडा आहे. तो बारीक पॉलिशपेपरने घासून काढा, कारण तिथेच रोज कुणाचा तरी तळवा फाटत असतो.

तेलाविषयी एक आग्रहाची विनंती. गंज सोडवायचा स्प्रे हा सगळ्यावर इलाज समजून चाकांच्या मध्यभागी मारला जातो. चाक त्या दिवशी हलके फिरते. पण तो पातळ द्रव आतले ग्रीस धुऊन काढतो, वर धूळ चिकटते आणि महिन्याभरात बेअरिंग खलास होते. झाकणबंद बेअरिंगला बाहेरून काहीही घालायचे नसते. मशीनच्या तेलाचा एकेक थेंब फक्त सांध्यांवर हवा: ब्रेकच्या खिळीवर, फूटरेस्टच्या बिजागरीवर, सीटखाली एकमेकींना छेदणाऱ्या नळ्यांच्या, घडीच्या फुलीच्या मधल्या बोल्टवर. जास्तीचे लगेच पुसायचे. टायरवर आणि ब्रेकच्या तुकड्यावर तेल लागता कामा नये.

आणि पाणी. खुर्च्या अंगणात उभ्या करून पाइपने धुण्याची पद्धत कृपया आजच बंद करा. पाण्याचा झोत बेअरिंगमध्ये, नळ्यांच्या आत आणि गादीच्या फोममध्ये जातो. बाहेरून खुर्ची लखलखीत दिसते आणि आतून गंजायला लागते. जंतुनाशक म्हणून ब्लीच ओतले जाते, ते धातूला खाते आणि रेक्झिन तडकवते. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके, मग साध्या पाण्याचे, मग कोरडे, एवढे पुरते. जंतुनाशक वापरायलाच हवे अशा ठिकाणी ते सांगितलेल्या वेळेपुरते ठेवून पाण्याच्या फडक्याने पुसून काढावे. पावसात भिजलेली खुर्ची घडी घालण्याआधी कोरडी करावी. साफसफाई बाहेरच्या माणसांकडे असेल तर हे त्यांच्या कामाच्या कागदात लिहून द्या.

घडीच्या खुर्चीचा जीव सीटखालच्या फुलीत असतो. मधला बोल्ट ताठ कसू नये, घडी होण्यापुरता मोकळा हवा. तिथे नायलॉनचे कडे असलेला नट असतो, म्हणूनच तो मोकळा असूनही गळून पडत नाही. असा नट दोन-चारदा काढला की त्याची पकड जाते, तेव्हा खोललाच तर नवा लावावा. साधा नट लावून चालवले की तो कुठे आणि कधी पडला ते कळतही नाही. खुर्ची उघडली की सीटच्या दोन्ही नळ्या फ्रेमवरच्या खोबणीत पूर्ण बसल्या पाहिजेत. उघडताना तळवे सीटच्या कडांवर ठेवून खाली दाबावे, बोटे आतल्या बाजूला. कडेबाहेर बोटे ठेवली की ती नळी आणि फ्रेम यांच्यात चेंगरतात. नव्या मदतनिसाला हे पहिल्या दिवशी दाखवा. सपाट फरशीवर रिकामी खुर्ची चारही चाकांवर टेकते का, तेही बघा. एक चाक अधांतरी राहत असेल तर आधी पुढच्या चाकांची उंची आणि सैल बोल्ट तपासा. तरीही राहत असेल तर फ्रेम वाकली आहे.

चिरा शोधायला खुर्ची उलटी करून उजेडात न्यावी. वेल्डिंगचे सांधे, पुढच्या चाकाच्या नळीचा जोड, फुलीचे मधले भोक आणि मागच्या ॲक्सलची पट्टी या चार जागा. पुसून बोट फिरवा. रंगात केसाएवढी रेघ, तिच्या कडेने गंजाची ओळ किंवा काळपट डाग दिसला तर ती खुर्ची त्याच क्षणी वापरातून काढा, ‘आजचा दिवस जाऊ दे’ म्हणू नका. पोलादाची फ्रेम जाणकार माणूस वेल्ड करू शकतो. ॲल्युमिनियमची मात्र नाक्यावर वेल्ड करून आणू नये. त्या मिश्रधातूला कारखान्यात उष्णतेने बळकटी दिलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या आजूबाजूची ती बळकटी निघून जाते. टाका धरतो, शेजारची नळी तुटते. आटे गेले म्हणून फ्रेमचे भोक मोठे करून जाड बोल्ट घालणे हाही तसाच प्रकार. नळीची भिंत तिथे आधीच पातळ असते.

आता ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते आणि ज्याने माणसाचे सगळ्यांत जास्त नुकसान होते ती वस्तू, गादी. कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला गादी दबून सपाट झाल्याचे कळत नाही. बसायच्या हाडाखालची कातडी दबून रक्त पोचेनासे होते आणि जखम बाहेर दिसेपर्यंत आत खोल गेलेली असते. ती भरायला महिने लागतात. म्हणून फोमची गादी दर महिन्याला हाताने तपासा. माणूस त्याच्या नेहमीच्या बैठकीत, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेला असावा. त्याला विचारून, बोटांतली अंगठी काढून, तळहात वर करून हात गादीखाली सरकवा आणि बोटे वर दाबून बसायचे हाड शोधा. हाडाखाली साधारण २ ते अडीच सेंमी जाडीचा स्प्रिंगदार फोम शिल्लक असला पाहिजे. हाड थेट बोटांवर आले तर गादी संपली. माणूस उठल्यावर खळगा तसाच राहिला तरीही संपली, आणि तिच्यावर दुसरी उशी ठेवून भागत नाही.

हवेच्या गादीत हात गादी आणि माणूस यांच्या मधे घालायचा. हाड आणि तळ यांच्यात दीड ते अडीच सेंमी अंतर हवे. जास्त हवा भरली तर माणूस फुग्यावर बसल्यासारखा वर राहतो आणि सगळा भार हाडांवरच येतो, म्हणजे टणक गादी चांगली हा समज इथे घातक आहे. जेलची गादी असेल तर जेल कडेला सरकते, ते बसण्याआधी हाताने मळून मधे आणायचे. गादीचे पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे तोंड ठरलेले असते. खोळ धुऊन परत घालणारा ते उलटे घालतो आणि दिवसभर कुणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या कडेवर पक्क्या रंगाने ‘मागे’ आणि ‘वर’ लिहून ठेवा. घाण लागू नये म्हणून गादीवर दुमडलेली चादर, टॉवेल किंवा प्लास्टिक घालतात, तेही नको. घडीची कड कातडीत रुतते आणि गादीला शरीराचा आकार घेता येत नाही. ओली गादी सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. म्हणजे एक जास्तीची गादी हाताशी हवी, ती मागून घ्याच.

गादी ज्यावर ठेवतात ते रेक्झिन ताणून झोळीसारखे झाले असेल तर चांगली गादीही वाया जाते. माणूस मधे घसरतो, गुडघे एकमेकांकडे येतात, कंबर एका बाजूला कलते. रेक्झिन बदलणे हे तासाभराचे काम आहे. सीटच्या स्क्रूंपैकी एक जरी निघाला असेल तर त्याच्या शेजारच्यावर दुप्पट भार आहे हे समजावे.

फूटरेस्ट जमिनीपासून निदान ५ सेंमी वर हवेत, नाहीतर उंबऱ्याला अडकतात. मागे उलटू नये म्हणून असलेली छोटी चाके पायरीसाठी वर फिरवली तर लगेच खाली आणावीत, आणि दोन्ही एकाच खाचेत.

विजेवर चालणाऱ्या खुर्च्यांचे फ्रेम, टायर, गादी हे सगळे वरीलप्रमाणेच, वर बॅटरीची जबाबदारी. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. या बॅटरीला रिकामी राहणे सोसत नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर कडक थर बसतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी भरत नाही. खुर्ची थोडीच वापरली असली तरी त्या रात्री चार्जिंगला लावायची आणि चार्जरचा दिवा पूर्ण भरल्याचे दाखवेपर्यंत, साधारण ८ ते १२ तास, काढायची नाही. बंद ठेवलेल्या खुर्चीलाही महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज. बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला. जुनी नवीला खाली ओढते. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराची घडीदार टोपी असते, तिला चीर पडली की पाणी थेट आतल्या सर्किटवर जाते आणि खुर्ची मधेच बंद पडते किंवा आपोआप चालू लागते. ही टोपी स्वस्तातली वस्तू आहे, आतला भाग मात्र स्वस्त नाही. मोटर सोडवून हाताने ढकलण्यासाठी एक दांडा असतो. तो सोडलेला असताना खुर्चीला ब्रेक उरत नाही. माणूस बसण्याआधी आणि उताराच्या तोंडाशी तो परत जोडलेला आहे का ते बघितलेच पाहिजे.

हे सगळे करायला लागणारी पेटी फार मोठी नाही. ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, १० ते १९ मिमीपर्यंतचे पाने, दोन तऱ्हांचे स्क्रूड्रायव्हर, गेजचा पंप, टायरचे लिव्हर, पंक्चरचे सामान, स्पोकची की, चिमटा, जुना टूथब्रश, सुती फडकी, तेल. शिवाय प्रत्येक जातीच्या खुर्चीमागे दोन ट्यूब, एक टायर, पुढच्या चाकाची चार बेअरिंग, ब्रेकचे रबर आणि नायलॉनच्या नटांची एक पुडी. मोडीत निघालेल्या खुर्च्या भंगारात देण्याआधी त्यांचे चांगले भाग काढून ठेवावेत. आणि खुर्च्या एकाच जातीच्या मागवल्या तर भाग एकमेकांना चालतात, म्हणून देणगीदारांना हवे ते मॉडेल आधी सांगा. नव्या खरेदीच्या वेळी आयएसओ ७१७६-८ या व्हीलचेअरच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचा अहवाल मागा. त्या चाचणीत खुर्ची उंचवटे बसवलेल्या रुळांवर २ लाख फेरे चालवतात आणि ५ सेंमीवरून ६,६६६ वेळा आपटतात. त्यातून पार पडलेल्या खुर्चीलाही हवा भरावीच लागते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सहा महिन्यांत निदान एकदा दुरुस्ती करावी लागली होती. दुरुस्ती लागणार हे धरूनच व्यवस्था उभी करावी लागते.

कार्डावर खुर्चीचा क्रमांक, टायरची हवा आणि माप, शेवटची तपासणी आणि काय बदलले एवढे पुरे. बिघडलेल्या खुर्चीला लाल पट्टी बांधून वेगळी ठेवायची, आणि ती पट्टी फक्त नेमलेल्या माणसानेच सोडायची.

एक बाब राहिली. आपल्याकडे राहणाऱ्या एखाद्याची स्वतःची खुर्ची असेल तर ती सर्वांची नाही. दुसऱ्या कुणाला बसवायला ती घेऊ नये, आणि त्या माणसाला न विचारता तिला पानाही लावू नये. ॲक्सल एक खाच पुढे आहे, पाठ किंचित कललेली आहे, डावा फूटरेस्ट उजव्यापेक्षा वर आहे, हे सगळे बिघाड वाटतील, पण त्या शरीराला ते मुद्दाम जमवून दिलेले असते. काहीही खोलण्याआधी मूळ जागेवर रंगाची खूण करावी. दुरुस्तीला नेताना बसायला दुसरी, त्याच रुंदीची खुर्ची त्याच्या स्वतःच्या गादीसह द्यावी, आणि परत कधी मिळेल ते सांगावे. त्याच्यासाठी तेवढा वेळ पाय बंद असतात. खुर्ची परत आणली की त्याला तिच्यात बसू द्यावे, ब्रेक लावून बघू द्यावे, दोन वळणे घेऊ द्यावीत. त्याने ठीक आहे म्हटल्यावर कार्डावर सही करावी.

आपले,
व्हीलचेअर वापरणारे आणि दुरुस्त करणारे काही जण